मालमोटारीच्या पुढील आसातील अडलेल्या कड्या : कारणमीमांसा व सोडविण्याची पद्धती

१. विषयाचे स्वरूप

मालमोटारीच्या पुढील आसाची दुरुस्ती हा यंत्रशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत क्वचितच विवेचिला जाणारा विषय होय. आस, चाकाचा हब, किंगपिन, बेअरिंग इत्यादी भागांची आखणी कशी करावी हे ग्रंथ सांगतात; परंतु तेच भाग दहा-वीस वर्षे चिखलपाण्यातून फिरून आल्यावर परस्परांपासून अलग कसे करावेत, याविषयी ते बहुधा मौन पाळतात. हे ज्ञान दुरुस्तीशाळांतून हस्ते-परहस्ते चालत आलेले आहे. त्यातील पुष्कळसा भाग शास्त्राच्या कसोटीस उतरणारा असतो, काही भाग मात्र केवळ सवयीचा व क्वचित घातक असतो. या दोहोंतील भेद स्पष्ट करावयाचा, तर प्रश्न मुळापासून तपासावा लागतो. प्रस्तुत लेखात आसाच्या जोडणीतील एका अगदी लहान भागाचा, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या पोलादी स्प्रिंग-कडीचा, या दृष्टीने विचार करावयाचा आहे. कारखान्यांत या कडीला ‘सर्कलिप’ अथवा ‘स्नॅप रिंग’ म्हणतात. मिस्त्रीलोक तिला नुसते ‘लॉक’ म्हणतात.

कोल्हापूर परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथील मालवाहतूक एकीकडे पुणे-बंगळूर हमरस्त्याने, तर दुसरीकडे आंबा, गगनबावडा, फोंडा व आंबोली या घाटमार्गांनी कोकणाशी जोडलेली आहे. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर हेच प्रमाण कित्येक पटींनी वाढते. माथ्यावरील जांभ्याची तांबडी, बारीक माती ओली असताना आसाच्या प्रत्येक फटीत शिरते व वाळल्यावर तेथेच घट्ट होऊन बसते. किनाऱ्याकडील खारी हवा आणि वाहून नेल्या जाणाऱ्या रासायनिक खतांपैकी पोटॅशसारख्या खतांतील क्लोराइडे गंजण्याच्या क्रियेस वेग देतात. यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. ऊस-गाळपाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालतो. ऊस ओढणारी अनेक वाहने त्यामुळे पावसाळ्याचे महिने जागच्या जागी उभी असतात. फिरते चाक वंगण पसरवीत राहते. उभ्या चाकातील वंगण खाली ओघळते व वरच्या बाजूस पाणी आपले काम निर्वेधपणे करते. हंगामाच्या तोंडावर ही वाहने दुरुस्तीस येतात, तेव्हा कड्या अडलेल्या आढळतात व त्याच वेळी मालकाला वाहनाची निकड असते. निकडीतच हातोडा अधिक जोराने पडतो.

येथे प्रतिपादावयाचा मुद्दा थोडक्यात असा : अडलेली कडी ही क्वचितच कडीची स्वतःची व्याधी असते. तिच्यावर टेकलेल्या भागांचा भार आणि खोबणीत साठलेला गंज ही तिची खरी कारणे होत. म्हणून कडीवर जोर करण्यापूर्वी तिच्यावरील भार उतरविणे, आणि तरीही ती न निघाल्यास खोबण राखून कडीचा त्याग करणे, ही दोन सूत्रे संपूर्ण कामाचा पाया ठरतात.

२. कडीची रचना व तिची स्थाने

कडी म्हणजे एका जागी तुटलेले पोलादी वलय. ते दांड्यावरील अथवा भोकाच्या आतील खोबणीत बसते आणि खोबणीबाहेर उरलेल्या काठाने शेजारच्या भागाला अक्षाच्या दिशेने सरकू देत नाही. दांड्यावरील कडी काढताना ती फाकवावी लागते. भोकातील कडी काढताना ती आवळावी लागते. टोकांना भोके असलेल्या कड्या टोकदार पक्कडीने काढता येतात. साध्या तारेच्या वा चौकोनी छेदाच्या कड्यांना अशी भोके नसतात व त्यांना दातेरी जबड्याची वेगळी पक्कड लागते. जर्मनीत या कड्यांना आजही ‘सीगर कडी’ हे नाव रूढ आहे. दांड्यावरील व भोकातील कड्यांची मापे अनुक्रमे जर्मन मानक ४७१ व ४७२ यांत, आणि भारतात मानक ३०७५ मध्ये निश्चित केलेली आहेत.

पुढील आसात ही कडी कोठे असते हे आसाच्या प्रकारावर अवलंबून आहे. सामान्य मालमोटारीचा पुढील आस चाकाला गती देत नाही. तो घडवलेल्या पोलादाची एक तुळई असतो आणि तिच्या दोन्ही टोकांना किंगपिनांभोवती चाके वळतात. अशा काही रचनांत किंगपिनाच्या वरचे व खालचे झाकण भोकातील कडीने धरलेले असते. ज्या वाहनांत पुढील चाकांनाही गती दिली जाते, उदाहरणार्थ जीप जातीची वाहने किंवा जबलपूर येथे १९५९ पासून बनू लागलेली ‘शक्तिमान’ मालमोटार, त्यांच्या पुढील आसात फिरते दांडे असतात. त्यांपैकी अनेक रचनांत चालक चकतीच्या बाहेर दांड्याच्या टोकाला एक कडी असते, आणि वळणाऱ्या सांध्यातील क्रॉसच्या चार टोप्या आणखी चार लहान कड्यांनी जागच्या जागी ठेवलेल्या असतात. काही हलक्या वाहनांत चाकाचे बेअरिंगच भोकातील कडीने धरलेले असते.

या स्थानभेदाचे परिणामही भिन्न आहेत. चालक चकतीवरील कडी गेल्यास चाक तत्काळ निखळत नाही, कारण बहुतेक रचनांत ते बेअरिंगच्या नटाने धरलेले असते. परंतु दांडा आत सरकून टोकाच्या बेअरिंगला व गळरोधकाला घासू लागतो. किंगपिनाचे झाकण गेल्यास वंगण बाहेर व पाणी आत जाते, पिन झिजते आणि सुकाणू थरथरू लागते. जेथे बेअरिंगच कडीवर अवलंबून आहे, तेथे मात्र कडी सुटणे हा प्रत्यक्ष चाकाचा प्रश्न होतो. घाट उतरणाऱ्या भरलेल्या वाहनात यांपैकी कोणताही दोष क्षुल्लक मानता येणार नाही.

३. कडीतील प्रतिबल

कडी किती फाकवता येते याचा हिशेब लक्षात घेतल्यावाचून पुढील विवेचन समजणार नाही. उदाहरणादाखल ३० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावरील प्रमाणित कडी घेऊ. तिची जाडी १·५ मिलिमीटर, मोकळ्या स्थितीतील आतील व्यास २७·९ मिलिमीटर आणि त्रिज्येच्या दिशेने कमाल रुंदी सुमारे ३·५ मिलिमीटर असते. खोबणीचा व्यास २८·६ मिलिमीटर व रुंदी १·६ मिलिमीटर असते.

वक्रतेतील फरकावरून प्रतिबल काढल्यास असे दिसते की, खोबणीत बसलेल्या कडीत सुमारे ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतके प्रतिबल कायमचे असते. तीच कडी दांड्यावरून सरकण्यापुरती, म्हणजे ३० मिलिमीटरपर्यंत फाकविली, की प्रतिबल सुमारे १,४५० ते १,५०० पर्यंत चढते. स्प्रिंगच्या पोलादाची स्थितिस्थापकतेची मर्यादा याच्या आसपासच असते. त्यापुढे केवळ १ मिलिमीटर अधिक फाकविल्यास हिशेबी प्रतिबल २,१०० च्या घरात जाते. म्हणजेच मर्यादा निश्चितपणे ओलांडली जाते व कडी कायमची वाकते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण कडीची रुंदी टोकांकडे कमी होत जाते. तथापि त्यावरून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. कडी ही नेहमीच्या वापरातही आपल्या सहनशक्तीच्या काठावर काम करणारी वस्तू आहे. तिच्यापाशी जादा जोर सोसण्यास फारशी शिल्लक नसते. ‘आणखी थोडी फाकवून पाहावी’ हा उपाय म्हणूनच निष्फळ ठरतो.

कडी स्वतः फाकण्यास किती जोर लागतो? वरील कडीच्या पाठीवरील वाकविणारे परिबल सुमारे ४,५०० न्यूटन-मिलिमीटर भरते, आणि त्यासाठी टोकांवर साधारणतः १३५ न्यूटन, म्हणजे सुमारे १४ किलोग्रॅम भाराइतका जोर पुरतो. पक्कडीच्या दांड्यांचा लाभ धरता हे काम एका हाताचे आहे. तेव्हा निरोगी कडी काढण्यास घाम गाळावा लागत नाही. घाम गाळावा लागत असेल, तर कडीखेरीज अन्य काहीतरी आड येत आहे असे समजले पाहिजे.

४. कडी अडण्याची कारणे

पहिले कारण अक्षीय भार हे होय. दांडा आत ओढला गेलेला असेल, टोपी बाहेर रेटली गेली असेल, किंवा झाकणामागे वंगणाचा दाब साठला असेल, तर शेजारचा भाग कडीला खोबणीच्या भिंतीवर दाबून धरतो. हा भार २,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम, इतकाच धरला आणि गंजलेल्या पृष्ठांचा घर्षणांक ०·३ मानला, तर कडीच्या दोन्ही पृष्ठांवर मिळून १,२०० न्यूटन घर्षण निर्माण होते. हे घर्षण परिघावर सारखे वाटले गेले असे समजून कडीच्या पाठीवरील परिबल काढल्यास ते सुमारे ६,१०० न्यूटन-मिलिमीटर येते. म्हणजे कडी वाकविण्यास लागणाऱ्या परिबलापेक्षा हे घर्षणाचे परिबलच अधिक आहे. दोन्हींची बेरीज कडीच्या सामर्थ्याच्या दुपटीहून अधिक होते. अशा स्थितीत पक्कडीने कितीही जोर केला तरी कडी जागेवरून सरकण्यापूर्वी वाकेल, तिची टोके मोडतील, किंवा पक्कडीची अग्रे निसटतील. २०० किलोग्रॅम भार हा मालमोटारीच्या आसाच्या मानाने नगण्य आहे, हे येथे विशेष ध्यानी घेण्यासारखे आहे.

वंगणाच्या दाबाचेही असेच आहे. ४० मिलिमीटर व्यासाच्या झाकणामागे १० बार दाब साठल्यास कडीवर सुमारे १,२५० न्यूटन भार येतो. आणि वंगण भरण्याचा हातपंप याच्या अनेक पट दाब सहज देऊ शकतो. दुरुस्तीपूर्वी ‘जरा ग्रीस मारून’ भाग मोकळे करण्याची सवय या ठिकाणी उलट फळ देते.

दुसरे कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. कोरड्या ऑक्साइडाच्या बाबतीत ही वाढ सुमारे दुप्पट, तर जलयुक्त गंजाच्या बाबतीत याहूनही पुष्कळ अधिक असते. वर दिलेल्या उदाहरणात कडी व खोबण यांच्यातील मोकळीक ०·१ मिलिमीटर आहे. गंज मूळ धातूच्या तिप्पट जागा व्यापतो असे धरल्यास, एकंदर ०·०५ मिलिमीटर धातू खर्ची पडला की ही मोकळीक पूर्णपणे बुजते. हा धातू कडीच्या दोन व खोबणीच्या दोन अशा चार पृष्ठांवर विभागला जातो. तेव्हा प्रत्येक पृष्ठाची हानी एक-दीड शतांश मिलिमीटरच असते. अडलेली कडी बाहेर काढल्यावर ती बहुधा फारशी झिजलेली दिसत नाही, याचे कारण हेच होय. धातूचे नुकसान अल्प असते, पाचर मात्र पक्की बसलेली असते.

तिसरे कारण म्हणजे पूर्वीच्या दुरुस्तीचे व्रण. हातोड्याच्या घावाने खोबणीचा काठ आत वळलेला असतो, जुनी वाकलेली कडी पुन्हा बसविलेली असते, किंवा चुकीच्या मापाची कडी ठोकून घातलेली असते. एका दुरुस्तीतील घाई दुसऱ्या दुरुस्तीतील अडचण म्हणून परत येते.

५. सोडविण्याचा क्रम

वरील कारणमीमांसेवरून कामाचा क्रम आपोआप निश्चित होतो. वाहन सपाट जागी घेऊन मागील चाकांना अडण्या लावाव्यात आणि आस केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावा, हे सांगणे न लगे.

प्रथम स्वच्छता. तारेच्या कुंच्याने व अणकुचीदार सळईने खोबणीतील माती व जुने वंगण काढून कडीची दोन्ही टोके नजरेस पडली पाहिजेत. मातीखाली दडलेली कडी लक्षात न येता बेअरिंग दाबयंत्राने रेटले गेल्याची आणि त्यामुळे भोकाची भिंतच फाटल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या धंद्यात अपरिचित नाहीत.

दुसरी पायरी भार उतरविण्याची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. चालक चकतीवरील कडीच्या बाबतीत अनेक दांड्यांच्या टोकाला आटे पाडलेले भोक असते. त्यात योग्य आट्यांचा बोल्ट बसवून दांडा बाहेर ओढला, की कडी चकतीपासून किंचित दूर होते व तिच्यावरील दाब नाहीसा होतो. क्रॉसच्या टोप्यांच्या बाबतीत, बाहेरून बसणारी कडी असेल तर टोपीवर तिच्याहून किंचित लहान व्यासाचा पितळी ठोकळा ठेवून तिला एक हलका ठोका आत द्यावा. कडी आतील बाजूस असेल तर ठोक्याची दिशा उलट होते. किंगपिनाच्या झाकणाच्या बाबतीत ग्रीसचे निपल आधी काढून दाब मोकळा करावा व मग झाकण मध्यभागी आत दाबून धरावे. या सर्व उपायांत भाग अर्धा मिलिमीटरही हलविण्याची गरज नसते. कडी व भाग यांचा परस्परस्पर्श सुटला म्हणजे पुरे. नेमकी कोणती दिशा भार उतरविते हे ठोका देण्यापूर्वी ठरविले पाहिजे, कारण विरुद्ध दिशेचा ठोका भार वाढवितो.

तिसरी पायरी भेदक तेलाची. पातळ तेल केशाकर्षणाने फटीत शिरते. अरुंद फटीतील त्याच्या प्रवेशाची खोली ही काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट खोल जाण्यास चौपट वेळ लागतो. रात्रभर भिजत ठेवण्याची मिस्त्रींची पद्धत या नियमाला धरून आहे. पाच मिनिटे वाट पाहून ‘तेलाचा उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढणे त्याला धरून नाही. रॉकेल वा डिझेल ही श्यानता कमी असल्याने चांगली शिरतात, पण वंगण म्हणून दुबळी असतात. म्हणून त्यांत थोडे हलके तेल मिसळण्याची चाल योग्यच आहे. तेल एकदाच भरपूर ओतण्याऐवजी थोडे थोडे अनेक वेळा द्यावे, आणि शक्य तेथे फट वरच्या बाजूस येईल असा भाग फिरवून ठेवावा.

चौथी पायरी कंपनाची व फिरविण्याची. कडीच्या पृष्ठावर बोथट पंचाने परिघाभोवती हलके ठोके दिल्यास गंजाचा ठिसूळ थर तडकतो व तेलाला वाट मिळते. त्यानंतर कडीच्या एका टोकावर स्पर्शरेषेच्या दिशेने पंच लावून तिला खोबणीतल्या खोबणीत फिरविण्याचा प्रयत्न करावा. या कृतीचे मर्म असे की, फिरताना कडीला फाकावे लागत नाही. सर्व जोर गंज कातरण्याकडेच खर्च होतो. कडी दहा-पंधरा अंश मागेपुढे फिरू लागली, की ती सुटली असे समजण्यास हरकत नाही. ती फिरत नसेल, तर पक्कड हाती घेण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

पाचवी पायरी पक्कडीची. अग्रे भोकांत तळापर्यंत बसतील अशा मापाची, न झिजलेली पक्कड घ्यावी. कडी फक्त दांड्यावरून निसटेल इतकीच फाकवावी, आणि एक टोक खोबणीबाहेर येताच तिच्याखाली पातळ पट्टी सरकवून उरलेली कडी क्रमाने उचलावी. सर्व परिघ एकदम उचलण्याच्या हट्टात कडी पिळवटते.

६. कडीचा त्याग

टोके मोडली, भोके फाटली किंवा कडी फिरण्यास मुळीच तयार नसली, तर कडी वाचविण्याचा विचार सोडून द्यावा. या ठिकाणी मूल्यविवेक आवश्यक आहे. कडी ही बाजारात मिळणारी प्रमाणित व अत्यल्प किमतीची वस्तू आहे. खोबण ही दांड्याचा अथवा आसाच्या घडवलेल्या भागाचा अविभाज्य अंश आहे. वरील ३० मिलिमीटरच्या उदाहरणात खोबणीची खोली ०·७ मिलिमीटर असून भार झेलणाऱ्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस मिलिमीटर आहे. छिन्नी घसरून हा काठ सर्व बाजूंनी ०·३ मिलिमीटर गोलावला, तर उरते सुमारे ३७ चौरस मिलिमीटर. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या दुखापतीने खोबणीचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. आणि नवी कोरी कडी बसवूनही ते परत मिळत नाही.

म्हणून छिन्नी खोबणीच्या भिंतीवर टेकवून कडी उपटण्याची रीत वर्ज्य मानावी. त्याऐवजी लहान सानेच्या चाकाने कडीला, शक्यतो टोकांच्या समोरच्या पाठीवर, आडवी खाच पाडावी. सान कडीच्या जाडीच्या किंवा रुंदीच्या शेवटच्या अंशापर्यंत न नेता थोडा धातू शिल्लक ठेवावा व तो ठोक्याने तोडावा. कठीण पोलाद अशा जागी वाकण्याऐवजी तुटते. दोन तुकडे झाल्यावर वलयाचा ताण संपतो व प्रत्येक तुकडा टोकाकडून स्वतंत्रपणे काढता येतो. साधा ड्रिल या पोलादावर बोथट होतो, हे अनुभवाने सर्वांस ठाऊक आहे. कार्बाइडचे अग्र लागते. सानेचे कण बेअरिंगमध्ये जाऊ नयेत म्हणून शेजारची पोकळी वंगणाने भरलेल्या कापडाने बंद करावी. भोकातील कडीच्या बाबतीत एका टोकाला बारीक पंचाने अक्षाकडे ढकलून त्यामागे आकडी घालणे बहुधा पुरेसे होते.

७. उष्णता : उपयोग व मर्यादा

अडलेल्या भागाला ज्योत लावणे हा दुरुस्तीशाळांतील आवडता उपाय आहे. ३० मिलिमीटर व्यासाचे पोलाद १०० अंशांनी तापविल्यास व्यास सुमारे ०·०३६ मिलिमीटरने वाढतो. ही वाढ लहान दिसली तरी गंजाचा ठिसूळ थर तडकविण्यास ती उपयोगी पडते, आणि त्यासाठी उकळते पाणी किंवा गरम हवेचा झोत पुरतो. त्याहून अधिक उष्णतेने लाभापेक्षा हानीच अधिक होते. गळरोधकांचे नेहमीचे रबर १०० ते १२० अंशांच्या पलीकडे टिकत नाही, बेअरिंगमधील वंगण ओघळते, आणि ज्योत थेट लागल्यास कडीचे पाणी उतरते. सर्वांत गंभीर बाब अशी की, आसाची तुळई व वळणारा जोड हे उष्णतोपचाराने बळ दिलेले घडीव भाग असतात. त्यांवर लालबुंद होईपर्यंत ज्योत धरणे म्हणजे ते बळ त्या जागी नष्ट करणे होय. आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही. तेल शिंपडलेल्या जागी उघडी ज्योत नेण्यातील आगीचा धोका तर उघडच आहे.

८. शारीरिक धोका

फाकविलेली कडी ही ताणलेली स्प्रिंग असते. वरील उदाहरणातील कडीचे वजन सुमारे ४ ग्रॅम असून तिच्यात पूर्ण फाकविल्यावर साधारणतः १ जूलच्या आसपास ऊर्जा साठते. पक्कड निसटून त्यातील अर्धी ऊर्जा जरी गतीत रूपांतरित झाली, तरी कडी सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ५५ ते ६० किलोमीटर वेगाने, उडते. काम करणाऱ्याचा चेहरा त्या वेळी कडीपासून हातभर अंतरावर असतो. पापणी मिटण्यास लागणाऱ्या वेळापेक्षाही कमी वेळात ती डोळ्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे संरक्षक चष्मा हा येथे शिष्टाचार नसून साधनांपैकी एक साधन आहे. कडीवर जाड कापड धरणे व तिच्या अक्षाच्या सरळ रेषेत चेहरा न ठेवणे या दोन सोप्या सवयींनीही धोका बराच कमी होतो. शिकाऊ मुलाला कडी ‘नीट पाहण्यासाठी’ समोर बसविण्याची प्रथा सर्वथैव बंद झाली पाहिजे.

९. नवी कडी बसविताना

काढलेली कडी पुन्हा वापरू नये; ती मर्यादेपलीकडे फाकविली गेली होती की नाही हे नजरेने कळत नाही. खोबण स्वच्छ करून तिची खोली व काठाची धार मोजून पाहावी. काठ गोलावलेला असल्यास भाग बदलणे किंवा कुशल लेथकारागिराकडून पुढील मापाची खोबण पाडता येते काय हे तपासणे, हाच मार्ग उरतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथकाम व ओतकाम यांची जुनी परंपरा असल्याने असे कौशल्य दुर्मीळ नाही. तथापि सुकाणूशी संबंधित भागावर वेल्डिंगने भर घालून खोबण पाडणे टाळावे.

ठोकून कापलेल्या कडीचे एक पृष्ठ धारदार काठाचे व दुसरे किंचित गोल काठाचे असते. धारदार काठ खोबणीच्या भार झेलणाऱ्या भिंतीकडे यावा. कडी बसल्यावर ती हाताने वा पंचाने फिरवून पाहावी : संपूर्ण परिघावर ती सारखी फिरली व टोकांमधील अंतर अपेक्षेहून अधिक नसले, तरच ती तळापर्यंत बसली असे म्हणता येईल. बसविण्यापूर्वी खोबणीत जलरोधक वंगणाचा पातळ थर दिल्यास पुढील दुरुस्तीचे निम्मे कष्ट वाचतात. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या वाहनांची चाके अधूनमधून फिरवून ठेवणे हाही याच जातीचा, बिनखर्चाचा उपाय होय.

१०. समारोप

येथे दिलेले हिशेब आदर्श स्थितीचे आहेत व ते प्रयोगाने तपासले जाण्यास योग्य आहेत. अक्षीय भार क्रमाने वाढवीत कडी फाकविण्यास लागणारा जोर मोजणे. जांभ्याच्या ओल्या मातीत व क्लोराइडयुक्त पाण्यात ठेवलेल्या कड्यांच्या अडण्याची तुलना करणे. आणि निरनिराळ्या भेदक तेलांचा प्रवेश काळाच्या वर्गमुळाशी कितपत जुळतो हे पाहणे, हे तीनही प्रयोग साध्या साधनांनी करता येण्यासारखे असून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पास योग्य आहेत. त्यांसाठी लागणारे नमुने प्रत्येक दुरुस्तीशाळेच्या भंगारात पडलेले असतात.

कुशल मिस्त्री अडलेल्या कडीला प्रथम हात लावीत नाही. तो दांडा किंचित ओढतो, टोपीला एक ठोका देतो, आणि मग पक्कड मागतो. त्याने हे परिबलाचे हिशेब मांडलेले नसतात, परंतु त्याच्या कृतीचा क्रम त्या हिशेबांशी तंतोतंत जुळतो. हा क्रम का बरोबर आहे हे सांगता येणे, आणि जेथे रूढ रीत चुकते, उदाहरणार्थ ज्योत, छिन्नी व जुन्या कडीचा पुनर्वापर, तेथे ती का चुकते हे दाखविता येणे, एवढे कार्य शास्त्राने केले तरी दुरुस्तीच्या धंद्यातील पुष्कळशी हानी व काही दुखापती टळू शकतील.